एक मीटरच्या आत

जिन्याखालचं ते दुकान रुंदीला जेमतेम होतं, पण बोळासारखं लांब. मागच्या टोकाला कामाचं टेबल, पुढच्या टोकाला दाराशी गिऱ्हाइकाची एकच लाकडी खुर्ची. टेबलामागे बसणाऱ्याला सगळा बाजार ‘भिंगवाले’ म्हणायचा, कारण डोळ्यात बसवलेलं भिंग तो फक्त जेवताना काढायचा. आणि तेव्हाही कधीकधी विसरतो, असं त्याची बायको सांगायची. जुने फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करणारा त्या भागात तो एकटाच उरला होता. ही गोष्ट तो कुणाला विसरूही देत नसे.

त्या दुपारी खुर्चीत एक वयस्क बाई येऊन बसल्या. मांडीवर चामडी केसमधला कॅमेरा होता. केस उघडली तसा दुकानभर बामचा वास पसरला.

“ह्यांचा आहे,” बाई म्हणाल्या. “हे गेले, त्याला फार दिवस नाही झाले. शेवटचा फोटो काढला आणि फिल्म पुढं सरकवायची चावी अडकली. रोल अजून आतच आहे. तेवढा नीट काढून द्या.”

भिंगवाल्यानं कॅमेरा हातात घेतला आणि त्याचा जीव सुखावला. जुन्या रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा, घासूनपुसून ठेवलेला. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं, त्याला बाजूला वेगळी खिडकी असते. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर ठिपका, आणि त्या ठिपक्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. लेन्सची कडी फिरवत गेलं की दोन्ही प्रतिमा हळूहळू एकमेकींवर येऊन बसतात. बसल्या की अंतर जुळलं. कडीवर मीटरचे आकडे कोरलेले असतात. एका टोकाला अनंताची खूण, दुसऱ्या टोकाला एक. एक मीटरच्या आतलं या कॅमेऱ्याला पाहता येत नाही.

“जपलाय हो फार. कडक होते वाटतं तुमचे मालक?”

“कडक कसले. आवाज कधी चढला नाही त्यांचा. राग आला की नुसते जवळ येऊन उभे राहायचे. तेवढ्यानं माणूस आपणहून खरं बोलायचा.” बाई हसल्या. “आयुष्यभर पुलांचे नि दरवाजांचे फोटो काढले. मी म्हणायचे, दरवाजाशीच लग्न लावायचं होतंत. मग आजारपणात एक दिवस म्हणाले, आता तू बस समोर. अख्खा रोल माझा काढला. हात थरथरायचे, तरी काढला. त्यांना मी कशी दिसत होते, एवढं एकदा बघायचंय मला.”

“काळजी सोडा, काकू,” भिंगवाला म्हणाला. “योग्य हातात आलाय.”

आता, अडकलेला रोल काळ्या पिशवीत हात घालून, चाचपत काढायचा असतो. उजेडात कॅमेऱ्याची पाठ उघडली की सगळं जळालं. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. उलट तोच येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवायचा. दुसऱ्या दिवशी शेजारचा घड्याळवाला चहा घेऊन गप्पा मारायला आला, तेव्हाही तो हेच शिकवत होता. लोक कसे गाढवासारखे पाठ उघडतात, मग रडत येतात, वगैरे. बोलता बोलता शटरचा पडदा कसा सरकतो ते दाखवायला त्यानं टेबलावरचा बाईंचाच कॅमेरा उचलला आणि अंगठ्यानं पाठ उघडली.

घड्याळवाल्याला काही कळलं नाही. तो चहा पीत राहिला. भिंगवाल्यानं पाठ हळूच मिटली आणि वाक्यही पुरं केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता, आणि तोंडावर मात्र हसू तसंच चिकटलेलं होतं.

संध्याकाळी त्यानं फिल्म धुतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट. फक्त अगदी आतल्या वेढ्यात, जिथं उजेड पुरता पोचला नव्हता, तिथं एका चौकटीचा कोपरा वाचला होता. मांडीवर ठेवलेले दोन हात. बाकी काही नाही.

खरं सांगायचं तर तेवढे हात तरी बाईंना द्यायला हवे होते. पण ते दिले की काळी फिल्मही दाखवावी लागणार, आणि काळी फिल्म म्हणजे पाठ कुणीतरी उजेडात उघडली, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यानं ती कागदात गुंडाळून खालच्या खणात ढकलली.

बाई आल्या तेव्हा त्यानं वर न बघताच सांगितलं. “काकू, रोल कोरा निघाला. लेन्सवर टोपी राहिली असणार. या कॅमेऱ्यांत होतं तसं. खिडकीतून सगळं दिसत राहतं ना, म्हणून काढणाऱ्याला कळत नाही.”

बाई खुर्चीत पुढं सरकल्या.

“पण मी समोरच बसले होते,” त्या म्हणाल्या. “लेन्सकडेच बघत होते. टोपी असती तर मला दिसली नसती का?”

याचा विचार त्यानं केलाच नव्हता. “लक्ष नसतं हो अशा वेळी,” तो पुटपुटला.

“तेही खरं. मी त्यांच्या हातांकडेच बघत असेन.” बाईंची मान खाली गेली. “मी सांगायला हवं होतं त्यांना. एवढं एक काम होतं माझं, समोर बसायचं, तेही धड नाही जमलं.”

भिंगवाल्याला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन कुणाच्या सोयीनं दुभंगत नाही.

“कोरा तर कोरा,” त्या उठताना म्हणाल्या, “तो रोल मला द्या. त्यांचा हात लागलाय त्याला.”

“दोन-चार दिवसांत देतो, कॅमेऱ्याबरोबरच,” तो म्हणाला.

रात्री बायकोनं विचारलं, “अहो, आज भिंग काढलंत, मग वर का बघत नाही?” तो भात कालवत राहिला.

आता कोरी फिल्म पैदा करणं आलं. बाजार बंद असतो त्या दिवशी, भर दुपारी, तो दुकानात गेला आणि दार अर्धं ओढून घेतलं. टोपी लावून काढलेली फिल्म धुतल्यावर काचेसारखी पारदर्शक निघते. नवी फिल्म नुसती धुतली असती तरी तशीच निघाली असती. पण त्याला वाटलं, याच कॅमेऱ्यात भरून, खरोखरच टोपी लावून काढावी, म्हणजे खोटं निम्मं तरी खरं होईल. स्वतःची समजूत घालायला बसलेला माणूस असलेच हिशेब करतो.

त्यानं फिल्म भरली. टोपी लेन्सवर दाबून बसवली. डाव्या डोळ्यात भिंग तसंच होतं; उजवा डोळा सवयीनं खिडकीला लागला आणि सवयीनंच कॅमेरा खुर्चीकडे वळला. अंतर तपासायला त्यानं फरशीवर टेबलापासून तीन मीटरवर रंगाची रेघ मारून ठेवली होती, आणि खुर्चीचे पुढचे पाय नेहमी त्या रेघेवर असत.

कडी तीनवर ठेवली. ठिपक्यात खुर्ची दोनदा दिसत होती. जुळायला हवी होती, जुळली नाही. कडी अडीचवर आली तेव्हा दोन्ही खुर्च्या एकमेकींवर बसल्या.

बिघाड असेल, त्याला वाटलं. त्यानं दाराच्या फटीतून लांबची पाण्याची टाकी धरली. अनंताच्या खुणेवर टाकी चोख जुळली. खुर्चीशेजारचं कपाट धरलं, तेही तीनवर चोख. कॅमेरा पुन्हा खुर्चीकडे आणला.

आता ती दोनवर जुळली.

त्यानं डोळा बाजूला केला. खुर्ची रेघेवरच होती. बाजार चिडीचूप होता, दूर कुठंतरी नळ ठिबकत होता. त्यानं बटण दाबलं, चावी ओढली, बटण दाबलं, चावी ओढली. लवकर संपवून मोकळं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. पण डोळा खिडकीवरून हलेना, आणि बोटं कडी फिरवत राहिली. दोनच्या आत... दीड... दीडच्याही आत. बामचा वास येत होता. केस तर त्यानं घरी ठेवली होती.

“कोण आहे?” त्यानं अगदी हळू विचारलं.

नळाचं ठिबकणं थांबलं.

कडी एकवर जाऊन अडली. पुढं फिरायला जागाच नव्हती. आणि ठिपक्यात अजून दोन प्रतिमा होत्या, जुळायला तयार नसलेल्या... म्हणजे जे काही होतं ते त्याच्याही अलीकडे आलं होतं. शेवटचा फोटो त्यानं डोळे गच्च मिटून काढला.

धुतलेली फिल्म त्यानं दाराशी उजेडात धरली. पारदर्शक, कोरी. आपलं पाप माणूस जेवढ्या घाईनं बघतो तेवढ्याच घाईनं त्यानं ती बघितली, पट्ट्या कापल्या, पाकिटात घातल्या. कॅमेरा टोपीसकट केसमध्ये घातला. बाई आल्या, दोन्ही घेऊन गेल्या, वर त्याचे आभार मानून गेल्या. ते आभार त्याला चपराकीपेक्षा जास्त लागले.

थोड्याच दिवसांनी त्या परत आल्या.

“शेवटच्या पट्टीत काहीतरी आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांना उमगत नाही. आणि टोपी तुमच्याकडेच राहिली का? घरी जाऊन केस उघडली, तर नव्हती.”

बाईंनी पट्टी आणि कॅमेरा टेबलावर ठेवला. लेन्स उघडी होती. टोपी आपण अंगठ्यानं दाबून बसवल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. त्यानं पट्टी दिव्याच्या काचेवर ठेवली आणि वाकून भिंगातून पाहिलं.

निगेटिव्ह उलटं वाचायची त्याला सवय होती. शेवटच्या चौकटीत एक भिंग होतं. डोळ्यात बसवलेलं, चौकटभर मोठं, पितळी कडेवर टवका उडालेलं. तो टवका त्याच्या ओळखीचा होता, कारण तो या क्षणीही त्याच्या गालाला टोचत होता. फोटो वीतभर अंतरावरून काढलेला असावा, आणि तरी सुईच्या टोकासारखा स्वच्छ होता. भिंगाच्या काचेत एका उभ्या माणसाचं इवलंसं प्रतिबिंब होतं. एका हातानं त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला होता. दुसरा हात पुढं केलेला होता, आणि त्या हातात, दाखवायला धरावी तशी, काढलेली टोपी होती.

“काय आहे हो?” बाईंनी विचारलं.

धूळ आहे, काकू. एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. तेवढ्यात बामचा वास आला, अगदी कानाशी, आणि तो वास बाईंकडून येत नव्हता.

“टोपी काढलेली होती, काकू,” तो म्हणाला. “तुमचे फोटो आले होते. पाठ मी उघडली. उजेडात. फुशारकी मारता मारता. आणि मग त्यांच्यावर ढकललं. ही कोरी फिल्म मी नंतर भरलेली.”

खालच्या खणातली काळी फिल्म काढून त्यानं समोर ठेवली. बाईंनी ती दिव्यावर धरली, सावकाश पुढं सरकवत गेल्या, आणि शेवटच्या टोकाशी थांबल्या.

“माझेच हात आहेत.”

“हो.”

“म्हणजे ह्यांनी टोपी काढली होती. आणि मीही नीटच बघत होते.”

“हो, काकू.”

“इतके दिवस मी माझ्याच डोळ्यांना बोल लावत होते, भिंगवाले.”

त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्याला मान वर करता येईना. लाज म्हणजे काय, हे त्याला इतक्या वयात पहिल्यांदा कळत होतं.

बाईंनी त्याच्यापुढचं दुसरं भिंग उचललं आणि शेवटची चौकट पाहिली. खूप वेळ पाहिली.

“हात थरथरत नाहीये आता,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. चेहऱ्यावर काहीतरी उजळून गेलं. मग कपाळाला आठी पडली. “पण हे... एवढे जवळ?”

त्यांनी काळी फिल्म पदराआड धरली आणि कॅमेरा उचलला. कोऱ्या फिल्मची ती पट्टी मात्र टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

“ही तुम्ही ठेवा. ही तुमच्यासाठी काढलीय.”

दारातून जाताना त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. भिंगवाल्याकडे नव्हे, त्याच्या जरा अलीकडे.

खरं बोलून झालं, आता सुटलो, असं त्याला वाटलं होतं. आणि दुकानात येणाऱ्या कॅमेऱ्यांतून खुर्ची आता तीनवर चोख जुळते, त्यात खोट नाही. टोपी मात्र सापडली नाही. खण उपसले, फरशीवर पालथं पडून पाहिलं. घड्याळवाला म्हणतो, हल्ली तुझ्या दुकानात बामचा वास येतो, पाठ धरलीय का. तो नुसती मान हलवतो. तो वास खुर्चीपाशी नसतो. भिंग डोळ्यात बसवून तो कामावर वाकला की टेबलाच्या अलीकडून, त्याच्या बाजूनं येतो.