सरदार नून्योची शीव

हसू नका, पण त्या दुपारी मी माझ्या वडिलांना, अण्णांना, लॅपटॉपसमोर बसवलं ते केवळ त्यांचा वेळ जावा म्हणून. डिसेंबरात इथे परदेशात, आमच्या नास गावात, दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. त्यात त्यांचा डावा पाय अधू. साताऱ्यात चाळीस वर्षं जमिनी मोजलेला सरकारी मोजणीदार दिवसभर केटलकडे बघत बसायचा. माझा जीव तुटायचा.

माझं काम जुन्या स्पॅनिश सनदा नकाशावर बसवण्याचं. तेव्हा नऊशे वर्षांपूर्वीच्या नून्यो नावाच्या सरदाराच्या जमिनींचं काम चाललं होतं. मुलूख ऐन सरहद्दीवर. इकडे ख्रिस्ती राजा, तिकडे मूरांचा, म्हणजे तिथल्या मुसलमानांचा सुलतान, आणि हा दोघांनाही मुजरा करणारा. तीन बाजू जुळल्या, चौथी जुळेना. पहिल्या सनदेत हद्दीचा दगड ओढ्यापलीकडे, दुसरीत अलीकडे.

अण्णांनी चष्मा पुसला. "दगड हलवलाय यानं. मधी वस्ती कुणाची?"

"मूर शेतकऱ्यांची. राजाचा हुकूम होता, आपापल्या हद्दीतले मूर हाकलून द्या."

"मग झालं तर. वस्तीच हद्दीबाहेर टाकली. हुकूम पाळला, घरंबी वाचली. सोताची जमीन घालवून, पोरी."

मागच्या अंगणात काहीतरी घासलं. जड. थांबलं... पुन्हा घासलं. खिडक्या बंद होत्या, तरी खोलीत ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास आला. टेबलापलीकडची रिकामी खुर्ची करकरली.

अण्णा उठून उभे राहिले, कचेरीत साहेब आल्यावर उठत असतील तसे.

"बसा सरकार," ते खुर्चीला म्हणाले. "तुम्ही वस्ती वाचवाया हलवला. मी... मी पाटलाच्या धाकानं हलवला. वासंतीबाईचा दगड. विधवा बाई... अर्धं रान गेलं तिचं. मरायच्या आत तो जागेवर ठेवायचाय हो..."

अण्णांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. राग आला, आणि दयाही आली. पाणी आणायला आत गेले. परत आले तर अण्णा नव्हते, मागचं दार सताड उघडं.

अर्ध्या तासाने ते लंगडत आत आले. हात बर्फासारखे गार.

"कुठे होतात?"

"जरा हात लावाया गेलो होतो."

सकाळी गावाहून चुलतभाऊ परेशचा फोन आला. वासंतीबाईच्या रानातला दगड, चार गड्यांना न हलणारा, रातोरात जुन्या जागी गेला होता. म्हातारी त्याला धरून रडत बसली होती. मातीत दोघांचे ठसे होते, त्यातला एक डावा पाय ओढत गेलेला. "अगदी आपल्या अण्णांसारखा," म्हणून परेश हसला. मला हसू आलं नाही.

नकाशात मी ती वस्ती हद्दीबाहेरच ठेवली. वाटलं, दोघंही सुटले.

चार वाजले तेव्हा अण्णा दाराशी बूट घालत होते. नखं निळी पडली होती.

"आता कशाला, अण्णा? ठेवलात ना जागेवर?"

"एकच नव्हता, मुक्ता."

"किती?"

"अजून सहा..."

अंगणात घासल्याचा आवाज सुरू झाला. मी त्यांना अडवायला हवं होतं, कळत होतं मला. पण मी आत जाऊन लोकरीचे हातमोजे आणून दिले. अण्णांनी ते घातले, आणि अजून एक जोड मागून घेतला.