अठ्ठ्याण्णव की शंभर

लातूरहून सकाळची एसटी धरून सरोजिनी नांदेडला उतरली आणि तिथून दुसऱ्या गाडीनं अर्धापूरला आली. केळीच्या बागेतल्या भावाच्या घरी पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. पिशवीत गिटारच्या तारांचा नवा संच होता, पक्कड होती आणि बारावीच्या मुलांचे तपासायचे पेपर. ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. तिचा कान चांगला होता, पण कानापेक्षा तिचा भरवसा फोनमधल्या कंपनं मोजणाऱ्या ॲपवर.

राघवेंद्र ओसरीवर बसला होता. मांडीवर गिटार, डाव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेली. यंत्रात अडकलेला चारा तो हातानं काढत होता आणि देविदास नावाच्या गड्यानं, काम झालं असं समजून, बटन दाबलं. बोटं सापडली नाहीत. देविदासनं चाऱ्याचा ढीग दोनदा उपसला. अनामिकेतली पोवळ्याची अंगठीसुद्धा मिळाली नाही. त्यानंतर म्हशी विकल्या, ज्वारी बंद करून केळी लावली, यंत्र भंगारात घातलं.

रविवारी नांदेडला कार्यक्रम होता. अपघातानंतरचा पहिला. करंगळीत नळी घालून ती तारांवरून सरकवत ब्लूज वाजवायचं, एवढंच राघवेंद्रला आता शक्य होतं. तारा दाबायला बोटं नव्हती. म्हणून त्या आधीच अशा लावायला हव्या होत्या, की मोकळ्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजावा. त्यासाठी दोन ट्यूनिंग त्याच्या मनात होती, ओपन डी आणि ओपन जी. निवड करायला बहिणीला बोलावलं होतं.

"एकच बोट उरलंय, अक्का," तो म्हणाला. "त्याचं स्थळ तरी नीट बघून दे."

तिनं नळी हातात घेतली. काळसर लोखंड, जड, आतून गुळगुळीत.

"ही कुठली?"

"कुट्टीतला बुश, ज्यात आस फिरतो ती नळी. भंगारवाल्याला द्यायच्या आधी काढून घेतला, लेथवर कापून आणला."

"राघव, काचेची मिळते ना."

"त्या यंत्रानं माझं घेतलंय. मग देऊ दे की परत."

देविदास दाराशी चहाचे कप घेऊन उभा होता. "मी लई सांगितलं, अक्का. ते लोखंड घरात नगं म्हणलं. माझं काहून ऐकतील?"

"तू बटनाचं बघ," राघवेंद्र म्हणाला. तो हसतच म्हणाला, पण देविदास कप तिथंच खाली ठेवून मागं सरला.

आधी ओपन डी लावून पाहिलं. आवाज खोल होता, पण तारा सैल पडल्या आणि जड नळीखाली खडखडू लागल्या. राघवेंद्रनं अर्धं गाणं वाजवून थांबवलं. "हे पडून राहतंय. उठून बोलत नाही."

मग ओपन जी. सरोजिनीनं एकेक खुंटी पिळून तारा लावल्या. पाचवी तार अठ्ठ्याण्णव कंपनांवर आली. राघवेंद्रनं ती छेडली, आणि सरोजिनीच्या कपाळाला आठी पडली. आवाज फुगत होता, ओसरत होता. सेकंदाला दोनदा, घड्याळासारखा.

दोन सूर जवळजवळ सारखे असले की असं होतं. हे ती दरवर्षी फळ्यावर शिकवायची. सेकंदाला दोन ठोके, म्हणजे दोन कंपनांचा फरक. म्हणजे इथं आणखी काहीतरी वाजत होतं, शहाण्णववर किंवा शंभरवर. विजेच्या मोटारीची घरघर शंभरची असते.

"विहिरीवर मोटार चालू आहे का रे?"

"सकाळी नऊलाच लाईट गेली," देविदास म्हणाला.

तिनं जाऊन मीटर पाहिलं. बंद. बागेत वाराही नव्हता. परत येऊन राघवेंद्रला तारांवर हात ठेवायला सांगितलं आणि फोन जमिनीवर ठेवला. काही वाजत नव्हतं. पडद्यावर आकडा आला. शंभर.

"मला तर रोजच ऐकू येऊन राहिलं," देविदास हळूच म्हणाला. "आज तुमाला बी आलं."

सरोजिनीनं थोडा विचार केला. प्रयोगशाळेत असं झालं तर ती काय करायची? बाहेरचा आवाज काढता येत नसेल, तर आपलं वाद्य त्याच्याशी जुळवून घ्यायचं. दोन कंपनं वर घेतल्यानं गाण्याचं काहीच बिघडणार नव्हतं. तिनं पाचवी तार शंभरवर आणली आणि त्याच प्रमाणात बाकीच्या पाचही किंचित चढवल्या.

ठोके थांबले.

राघवेंद्रनं नळी ठेवली आणि सरकवली. गिटारमधून आला तो आवाज त्या गिटारचा नव्हता. भरदार, सलग, लाकडाच्या खालून येणारा. त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत नव्हता तो आनंद उमटला. "अक्का! हेच!"

ओसरीवर ओल्या ज्वारीच्या ताटांचा गोडसर वास आला.

त्याचा हात वरून खाली सरकला, मधोमध आला आणि थांबला नाही.

"बास, आता परत वर घे," ती म्हणाली.

"येत नाही."

"राघव."

"मागं येत नाही, अक्का! ओढतंय!"

नळी तारांवरून पुढं चालली होती, गिटारच्या पोटाला पाडलेल्या गोल भोकाकडे. त्यानं उजव्या हातानं डावं मनगट धरलं, पाय जमिनीला रोवले. खुर्चीच पुढं फरफटली. भोकाच्या आत काहीतरी फिरत होतं. खट, खट, खट, एकसारखं.

"बटन!" देविदास किंचाळला. "बटन बंद करा!" कप लाथाडत तो गोठ्याकडे धावला. जिथं पूर्वी बटन होतं, तिथल्या कोऱ्या भिंतीवर तो तळहात आपटू लागला.

सरोजिनीनं पाचव्या तारेची खुंटी धरली. गरम होती. ती उलटी पिळली.

नव्व्याण्णव.

भाऊ ओरडला. तिच्या चष्म्यावर काहीतरी गरम उडालं.

अठ्ठ्याण्णव.

सगळं थांबलं. फक्त तार वाजत राहिली, एकटी, ठोक्यांशिवाय.

नळी फरशीवर पडली होती. ती रिकामी नव्हती. देविदासनं परत येऊन, नळीकडे न बघताच ती उचलून, मग हात गिटारच्या पोटात घालून चाचपडून, जे होतं ते सगळं ओल्या फडक्यात बांधलं आणि रस्त्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला. जीप नांदेडच्या दवाखान्याकडे निघाली. राघवेंद्रनं एकदाच विचारलं, "रविवारी?" आणि तो बेशुद्ध पडला.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "बर्फात आणलंत, बरं केलंत. जोडायचा प्रयत्न करता येईल."

सरोजिनी भिंतीला टेकली. "मग वाजवू शकेल तो?"

"कदाचित. चारही बोटं ताजी आहेत." ते घुटमळले. "पण हातावरच्या तीन जखमा जुन्या आहेत, भरलेल्या. ते मला कळलं नाही. आणि ही एका बोटात होती."

त्यांनी तिच्या तळहातावर पोवळ्याची अंगठी ठेवली. ती बर्फातून काढलेली होती, आणि कोमट होती.