पाहिलेला हात

तिला दुकान नको होतं, खुर्ची हवी होती. दिवसभर लोकांच्या आखडलेल्या पाठी आणि धरलेले खांदे मोकळे करून फिजिओबाई इतकी दमली होती की, खांद्यावरची गिटार तिला आगंतुक पाहुण्यासारखी वाटायला लागली होती. धड उठेना, धड बोलेना! रस्त्यावरच्या एका काचेतून रिकामी खुर्ची दिसली. ती सरळ आत शिरली आणि बसली.

समोर टेबलावर डोकं टेकून गिटार दुरुस्त करणारा मिस्तरी झोपला होता. हा गडी असा थकलेला की त्याची जांभई सोमवारी सुरू व्हायची आणि बुधवारी संपायची. मंगळवारी दुकान बंद असायचं ते उगाच नाही.

"दुकान चालू आहे का?" तिने विचारलं.

"दुकान चालू आहे," डोकं न उचलता उत्तर आलं, "दुकानदाराचं सांगता येत नाही."

ती हसली. ते हसू ऐकून त्याने मान वर केली. गालावर एका स्क्रूचा ठसा उमटलेला... आणि डोळे मात्र एकदम जागे.

"काय होतंय हिला?"

"खरखरते. मधेच मुकी होते. तार दाबताना बोटं तुटतात. शनिवारी विकायचीय, भावोजींनी गिऱ्हाईक शोधलंय. तोवर नीट करून द्या."

"विकताय कशाला?"

"रोज घरी गेले की मी हिच्याकडे बघते, ही माझ्याकडे बघते... आणि मी झोपते. सहा महिने हेच चाललंय." तिने बॅगेची चेन उघडली. "ही गेली की दुसरी घेणार नाही. वाजवणं हा विषयच संपला."

हे ती 'दूध संपलं' म्हणावं तशा आवाजात म्हणाली. मिस्तरीला ते कुठेतरी लागलं.

गिटार सेकंडहँड होती, विजेवर वाजणारी, अर्धी पोकळ. आत मधोमध लाकडी ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी आणि छातीवर दोन वळणदार भोकं. त्याने ती पुसली आणि तिच्याच हातात परत दिली.

"वाजवा."

"मी? अहो, विकणार आहे मी!"

"तारा किती उंच ठेवायच्या ते मी हात बघून ठरवतो. न पाहिलेल्या हाताचं काम करत नाही."

"स्थळ बघायला आल्यासारखं बोलताय."

"स्थळ बघताना इतकं बारीक कोण बघतं?"

तिने वाजवलं. दमलेली बोटं तारांवर अशी टेकत होती, जशी आई झोपलेल्या बाळाला पांघरूण घालते. मिस्तरी बघत राहिला. तारांकडे बघत होता म्हणे... आपण विश्वास ठेवू.

मग काम सुरू झालं. त्याने जाड तारा काढून बारीक चढवल्या, मानेचा बाक सरळ केला, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज केसाकेसाने खाली घेतला. ती रोज संध्याकाळी कामावरून "कुठवर आलं?" विचारायला यायची. फोनवर विचारता आलं असतं. दोघांनाही ते सुचलं नाही.

गुरुवारी आवाजाची झिजलेली बटणं बदलायची होती. या जातीच्या गिटारीला मागे झाकण नसतं. प्रत्येक बटणाला दोरा बांधून, वळणदार भोकातून आत ढकलून, त्याच्या जागेपर्यंत ओढून आणावं लागतं. तो ढकलत होता, ती दोरा ओढत होती.

"हळू... हं, थोडं डावीकडे."

"माझं डावं की तुमचं?"

"आत्ता दोन्ही एकच आहेत," तो म्हणाला, आणि दोघांच्या लक्षात आलं की डोकी चार बोटांवर आली आहेत. दोरा निसटला. पुन्हा पहिल्यापासून!

एकट्याने केलं तर दीड तासाचं काम. मदत होती म्हणून तीन तास लागले.

शनिवारी गिऱ्हाईक दुकानातच आलं. चांगला पहिलवान गडी, तळहात पाटासारखे. त्याने तारांवर पहिला हात मारला आणि खाली घेतलेल्या साऱ्या तारा मानेच्या पट्टीवर आपटून झणझणल्या.

"ही तर कुरकुरतेय!" असं म्हणत तो भावोजींना फोन लावायला बाहेर गेला.

फिजिओबाई मिस्तरीकडे वळली. "तारा कुणाच्या हातासाठी लावल्यात?"

"पाहिलेल्या."

"म्हणजे माझ्या! विकायची आहे हे माहीत असून? मुद्दाम केलंत?"

मिस्तरीने कान खाजवला. "लावताना मुद्दाम नाही. हात तुमचा पाहिला, तसाच लावत गेलो. चूक झाली ते काल कळलं... कळूनही तशीच ठेवली, ते मात्र मुद्दाम."

त्याने पेचकस उचलला. "ब्रिजला दोन फेरे दिले की तारा वर येतील. तो आत्ता घेऊन जाईल. म्हणाल तर करतो."

तिने गिटार मांडीवर घेतली. एक सूर दाबला, मग दुसरा... बोटं दुखली नाहीत. दिवसभर राबलेल्या हातांना कुणीतरी विचारून ठेवल्यासारखी तार नेमकी तिथेच होती.

पहिलवान आत आला. "तुमचे भावोजी म्हणतात, थोडं कमी-जास्त करा."

"विकायची नाही."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"दमले होते."

"आणि आता?"

"आताही दमलेय," ती म्हणाली. "पण विकायची नाही."

पहिलवान पुटपुटत गेला. मिस्तरीने पेचकस खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"मीही दमलेलाच असतो," तो म्हणाला. "पण तुम्ही येता त्या संध्याकाळी... कमी दमतो."

"हे प्रेमाचं लक्षण की आजाराचं?"

"तुमच्याकडे दोन्हीसाठी माणसं येत असतील."

"आजारासाठी रांग लागते." तिने नजर तारांवरच ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "दुसऱ्यासाठी तू पहिलाच."

'तू' ऐकून मिस्तरीने पेचकस पुन्हा उचलला. ती वाजवू लागली, संथ, थांबत थांबत. मधेच एक सूर चुकला. त्याने तो स्पष्ट ऐकला, आणि जन्मात पहिल्यांदा काही दुरुस्त करायला गेला नाही.