अंगठ्याखालची नाडी

आमच्या नर्सिंग कॉलेजची फी बाबांना झेपणारी होती, कारण कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटलच नव्हतं. वॉर्डातलं प्रशिक्षण ज्याचं त्यानं शोधायचं, आणि ते पुरं झालं नाही तर पदवी विसरायची. मी चपला झिजवल्या, सगळीकडे नन्नाचा पाढा. एका जुन्या हॉस्पिटलनं मात्र माझं बोलणं संपायच्या आत होकार दिला. मी हुरळून गेले.

सिस्टरनं मला एकच पेशंट दिली. कोपऱ्यातल्या आजी.

"यांचं सगळं तूच बघायचंस. आमच्यातलं कोणी तिकडे येणार नाही."

"का?"

"शिकायला आलीस ना? मग शीक."

आजी तशा गोड होत्या. मी नाडी बघायला मनगट धरलं की म्हणायच्या, "किती उबदार गं हात तुझा!" त्यांचा हात मात्र गारठलेला. त्यांना उठवून चादर ताणायला घेतली, तर गादी कुठे दबलेली नसायची. वयानं माणूस हलकं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. नाडी तर छान लागत होती, अगदी तरुण पोरीसारखी.

घरी येऊन मी आडवी व्हायचे. आई म्हणायची, "शिकायला जातेस की दगड फोडायला?"

एका दुपारी कॉलेजच्या मॅडम तपासणीला आल्या. माझा हात बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अंगठ्यानं नाडी बघतेस? अगं, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. इतके दिवस स्वतःचीच नाडी मोजलीस तू! बोटं ठेव."

मॅडम सिस्टरशी बोलायला गेल्या. मी ओशाळून तीन बोटं ठेवली.

काहीच लागेना. दुसऱ्या मनगटाला नाही. मानेलाही नाही.

आजी माझ्याकडे बघून हसत होत्या.

"अंगठाच बरा होता गं," त्या म्हणाल्या, आणि माझा अंगठा धरून त्यांनी आपल्या मनगटावर दाबला. तो सोडवताना माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मॅडम गेल्यावर मी सिस्टरला गाठलं. "आजींना नाडीच नाहीये."

तिनं मान वर केली नाही. "प्रशिक्षण पुरं करायचंय ना? मग उद्या ये."

मी गेले. भीती वाटत होती, तरी गेले.

आजी उठून बसल्या होत्या. गालांवर रंग होता. तीन बोटांखाली त्यांची नाडी ठणठणीत उडत होती. म्हणजे काल मलाच सापडली नव्हती! माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर हसत हसत मी सगळं आईला सांगितलं. नाडी कशी बघतात ते दाखवायला माझ्याच मनगटावर तीन बोटं ठेवली.

जरा सरकवली.

पुन्हा सरकवली.

"काय गं, पांढरी का पडलीस?" आईनं माझा हात ओढून घेतला. "अगंबाई, किती गार! थांब, मी बघते." मग हसली. "ही काय, चांगली लागतेय की."

तिनं अंगठा ठेवला होता.

काढ म्हणायला हवं होतं. पण तिचा हात फार उबदार होता.