मिस वॅडेल, तयार

शूटिंग संपलं, दिवे उतरवले, की टीग म्हातारा केबलच्या वेटोळ्यावर बसायचा. दिव्यांवरची तरणी पोरं भोवती. त्या रात्री त्यानं ब्रॉन्याची गोष्ट काढली. ब्रॉन्या याच स्टुडिओत नट्यांचे चेहरे रंगवायची. त्याची जुनी ओळखीची.

ऑक्टोबरातला मंगळवार. वाळवंटाकडून गरम वारं सुटलेलं. इथलीच जुनी नटी लोरेन वॅडेल दुपारी वारली आणि रात्री साडेअकराला ब्रॉन्या आपली रंगाची पेटी घेऊन तळघरातल्या शवगृहात पोचली. सकाळी शवपेटी उघडी ठेवायची होती. फोटोवाले येणार होते. याच मेल्यांनी लोरेनचे तीन घटस्फोट छापले, नशेत रस्त्यावर पडली तेही छापलं. स्टुडिओनं तिच्या तोंडावर फाटक लावलं, त्याचाही फोटो. शेवटचा तरी धड निघावा, एवढंच ब्रॉन्याला हवं होतं.

"एकटी बसशील का बाई?" रखवालदारानं विचारलं.

"जिवंत होती तेव्हा चपला फेकून मारायची. आता काय करणार आहे?"

तो हसत वर गेला.

ब्रॉन्यानं नेहमीसारखंच केलं. कानशिलांवर बारीक चिकटपट्ट्या, त्यांचे दोरे केसांखालून मागे, गच्च गाठ. ओघळलेले गाल वर चढले. मग पावडर, ओठ, भुवया. एक पाऊल मागे सरून तिनं पाहिलं. झकास. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"मिस वॅडेल, तयार."

"आता तुम्हाला सांगायला नको," टीग म्हणाला. "तयार म्हटलं की नटी उठते. सेटवर जाते. मेलेल्या बाईला ते म्हणायचं नसतं."

बाहेरचं वारं थांबलं.

ब्रॉन्या पेटी आवरू लागली.

मागे... चादर सरकली.

तिनं वळून पाहिलं नाही.

मग हळूच, तोच दारूनं घोगरा झालेला आवाज.

"दिवे लागले का गं?"

...

ब्रॉन्या पळाली. जिन्यात आपटली, दात पडला, तरी थांबली नाही.

सकाळी लोरेन जागच्या जागी होती. फोटो देखणे निघाले.

"छे हो, टीगकाका," एक पोरगा म्हणाला, "उंदीर असेल."

टीगनं मान हलवली.

"त्याच रात्री आम्ही इथल्या सेटची जमीन रंगवून दाराला कुलूप घातलं होतं. सकाळी मीच उघडलं. ओल्या रंगात बाईची अनवाणी पावलं. दोनच. मुख्य दिव्याचा झोत पडतो ना, बरोबर तिथं. आल्याचं पाऊल नाही... गेल्याचंही नाही."