धर्मेंद्रमामाचं 'लूक आफ्टर'

"अवनी, हे माती पाह्य!" चंदाने संत्र्याच्या कलमाच्या बुडाशी बोट खुपसलं. आत नुसती धूळ! पानंही गुंडाळलेली.

अमरावतीहून सुट्टीत मोर्शीला आलेल्या अवनीने पटकन पुढच्या कलमाची माती चाचपली. तीही कोरडी! ही कलमं मोठ्या आईने, म्हणजे चंदाच्या आईने, पोटच्या पोरांसारखी जपलेली. डोळ्याच्या ऑपरेशनला अकोल्याला जाताना तिने धाकट्या भावाला दहादा बजावलं होतं, "धर्मेंद्र, कलमं सांभाळ." उद्या ती परतणार आणि पाहणार काय, काड्या?

"पण मोटर तर रोज चालते!" चंदाचा छोटा भाऊ शिवम म्हणाला.

तिघं पाइपच्या कडेने धावली. बांधापाशी रानडुकरांनी पाइप फोडला होता आणि सगळं पाणी नाल्यात!

धर्मेंद्रमामा बाजेवर लोळत होता. मोटर तो तिथूनच मोबाईलवर सुरू करायचा.

"मामा, 'लूक आफ्टर' म्हणजे काय हो?" अवनीने विचारलं. "बाईंनी अभ्यास दिलाय. अर्थ लिहायचा नाही, वापरून दाखवायचा."

"काळजी घेणे! आय लूक आफ्टर द कलम. झालं?"

"चला, दाखवा!"

"काहून उन्हात हिंडवता बाप्पा? मोबाईल सांगून राह्यला ना, मोटर चालू हाय! वावरात चिखल असंन."

चंदाने डोळा मिचकावला. "मंग नवी चप्पल इथंच काढा, मामा. चिखलात खराब होईन!"

मामा ऐटीत अनवाणी निघाला. तापलेल्या कोरड्या मातीत चार पावलं टाकली मात्र, "अयायाय! मेलो!" करत जो नाचला! पोरं हसून लोळली. पण पानं दिसताच मामाचा चेहरा उतरला.

"ताईले कोणतं तोंड दाखवू?"

"ते मग बघू. आधी पाइप!" अवनी म्हणाली.

सायकलच्या जुन्या ट्यूबने पाइप घट्ट बांधला. सांजेपर्यंत चौघांनी बादल्याही वाहिल्या.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून मोठी आई आली. तिला वाकायची मनाई, म्हणून अवनीने मातीच तिच्या तळहातावर ठेवली.

"ओली हाय!" मोठी आई हसली. दोन कलमं वाळून गेली होती, बाकीच्यांची पानं उलगडत होती.

"ताई, मले नुसता अर्थ येत होता," मामा खाली मान घालून म्हणाला. "लूक आफ्टर या पोरायनं केलं."

"शाब्बास माझे वाघ हो! पह्यली संत्री तुमचीच!" मोठ्या आईने तिघांना जवळ घेतलं. "अन् धर्मेंद्र, पाइप पाहून ये."

मामा ताडकन उठला. चप्पल घातली, मोबाईल मात्र बाजेवरच ठेवला.