फोटो बघून दिलेली खोली

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण वाचताना तुम्हाला वाटेल की मी तिखटमीठ लावतोय. तिखटमीठ लावायचं असतं तर निदान शेवट तरी नीट केला असता. याला शेवटच नाही.

माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेलं आहे. मध्यरात्री वगैरे नाही. एका गुरुवारी, दिवे लागायच्या वेळेला, रस्त्यावर माणसांची ये-जा चालू असताना.

मावशीचा फोटो स्टुडिओ होता. काका फोटो काढायचे आणि मावशी ते सुधारायची. कोणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालव, कोणाचा रंग दोन छटा उजळ कर. काका गेल्यावर तिने स्टुडिओ बंद केला आणि घराच्या वरच्या मजल्यावरची खोली ॲपवर पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली.

आणि पाहुणे ती फोटो बघूनच निवडायची.

रिक्वेस्ट आली की चष्मा नाकावर, फोन हातभर लांब, आणि फोटो मोठा करून तपासणी सुरू. दाढी वाढलेली? नको. डोळे बारीक? नको. रंगाने फारच काळा असला तर "त्या तारखेला खोली रिकामी नाही" असं गोड उत्तर. मागच्या घरमालकांनी त्या माणसाबद्दल कितीही चांगलं लिहिलेलं असो, ती ते वाचायचीच नाही.

"चेहरा बघितला की मला माणूस कळतो," असं ती छातीठोकपणे सांगायची.

तिची मुलगी त्या वेळी घरीच होती. उंचीने आईच्या डोक्यावरून गेलीय, पण घरात तिला अजून टिल्लीच म्हणतात. न्यूमोनियातून नुकती उठली होती. ताप गेला होता, खोकला मात्र जात नव्हता. दिवसभर घरात कुठून ना कुठून तिच्या खोकल्याचा आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी मावशीचा हात कामात थांबायचा.

त्या दिवशी दुपारी एका माणसाची रिक्वेस्ट आली. वेल्डर होता. मावशीच्याच रस्त्यावर पाण्याची मोठी पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं, म्हणून त्याला जवळपास खोली हवी होती. फोटोत त्याचा एक गाल भाजलेला, आवळलेला होता.

चटका बसावा तसा मावशीने फोन बाजूला ठेवला.

"आई, तू माणसं निवडतेस की टोमॅटो?" टिल्ली खोकत खोकत म्हणाली. "बिचाऱ्याचा गाल भाजलाय. दरोडा नाही घातलेला त्याने. खरं तर त्या ॲपवाल्यांनी खोली देण्याआधी फोटो दाखवणंच बंद करायला पाहिजे."

"मग मी खोलीच बंद करीन. घरात तू अशी आजारी. पोटच्या पोरीच्या डोक्यावर कोणालाही आणून ठेवू?"

यात खोटं काहीच नव्हतं. मावशीचा सगळा जीव टिल्लीत होता.

तिने वेल्डरला नकार कळवला. लगेच दुसरी रिक्वेस्ट आली.

एका बाईची.

फोटो उघडला आणि मावशी बघतच राहिली. कसला शांत चेहरा! सुधारायला जागाच नाही. ज्या चेहऱ्यासाठी तिने आयुष्यभर लोकांचे फोटो घासले होते, तो चेहरा आयता समोर आला होता. तिने क्षणभरही विचार केला नाही. खोली दिली, दाराच्या कुलपाचा नंबर पाठवला, आणि टिल्लीचं औषध आणायला बाहेर पडली.

दुकानात असतानाच मेसेज आला. "पोहोचले. खोली छान आहे."

घरी येऊन बघते तर टिल्ली पुढच्या खोलीत सोफ्यावर, पुस्तक वाचत. सोफ्याच्या समोरच बाहेरचं दार. बाजूला वर जायचा जिना.

"आली ना पाहुणी? कशी आहे?"

"कोण पाहुणी? कोणीच आलं नाही."

"अगं, वर आहे ती. मेसेज आलाय."

"आई, मी इथून हललेसुद्धा नाही. माझ्यासमोरून कोणी गेलं नाही."

मावशीच्या मनात पाल चुकचुकली... पण तिने ती लगेच झटकली. आजारी माणूस, लागली असेल डुलकी.

तिने वर कान दिला. पावलं नाहीत. नळाचा आवाज नाही. वरचा नळ उघडला की स्वयंपाकघरामागचा पंप आपोआप सुरू होतो आणि अख्खं घर गुणगुणतं. तो पंपही गप्प होता.

"टॉवेल ठेवायचे राहिलेत," मावशी म्हणाली. "तू जातेस का? माझे गुडघे आज बोलतायत. ओळखही होईल. चांगल्या घरची दिसते ग."

टिल्ली टॉवेल घेऊन वर गेली.

मावशी स्वयंपाकघरात सूप गरम करायला लागली. जिन्यावरून खोकला ऐकू येत होता. मग वरच्या बोळातून. मग दार वाजलं...

आणि खोकला थांबला.

मधेच तुटावा तसा थांबला.

मावशी ढवळत राहिली. गप्पा रंगल्या असतील. बरंच झालं, पोरीला कोणाशी तरी बोलायला मिळालं.

थोड्या वेळाने ती वळली...

टिल्ली मागे उभी होती.

"बाई ग! किती हळू आलीस. दचकले ना मी. काय म्हणते पाहुणी?"

"झोपलीय," टिल्ली म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

तिने सूप प्यायला घेतलं. एका दमात वाटी रिकामी केली. ठसका नाही, खोकला नाही. श्वास कसा संथ चाललेला. मावशी बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. किती दिवसांनी पोर धड जेवत होती! तिने टिल्लीच्या केसांवरून हात फिरवला. टिल्ली हसली.

तेवढ्यात बेल वाजली.

एकदा नाही. कोणीतरी बटणावरून बोट काढतच नव्हतं.

मावशीने दाराच्या भिंगातून बघितलं आणि ती एक पाऊल मागे सरली. भाजलेला गाल. दुपारचाच वेल्डर, अंगावर कामाचे कपडे, कपाळावर घाम. नाही म्हटलं म्हणून घर शोधत आला!

"कोण पाहिजे?" तिने आतूनच विचारलं.

"काकू, दार उघडा! वरच्या खिडकीत मुलगी आहे. काच बडवतेय. मी समोर खड्ड्यात काम करत होतो, तिथून दिसलं. तिला श्वास घेता येत नाहीये!"

मावशीने मागे बघितलं. टिल्ली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"माझी मुलगी इथे खाली आहे. माझ्याजवळ. तुम्ही जा, नाहीतर पोलिसांना बोलावते."

"बोलवा! आत्ता बोलवा! पण आधी दार उघडा, काकू, पाया पडतो!"

मावशीचा हात कडीपर्यंत गेला होता. हे तिने स्वतः मला सांगितलंय. गेला होता हात.

"आई," टिल्ली अगदी हळू म्हणाली, "नको उघडूस. चेहरा बघितलास ना त्याचा?"

हात खाली आला.

आणि त्या शांततेत वरून आवाज आला...

खोकल्याचा. लांबून. उशीत तोंड दाबून खोकावं तसा.

मावशीची मान जिन्याकडे वळली. तिने टिल्लीकडे बघितलं.

"पाहुणीलाही खोकला आहे वाटतं," टिल्ली म्हणाली.

मावशीने मान डोलावली. दुसरं काय करणार? लेक तर समोर उभी होती.

बाहेर तो माणूस दारावर खांदा मारत होता, ओरडत होता, शेजाऱ्यांना हाका मारत होता. पोलिसांना शेवटी त्यानेच फोन केला. ते येईपर्यंत वरचा आवाज बंद झाला होता.

पोलीस बाई, वेल्डर आणि मावशी असे तिघे वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत कोणी नव्हतं.

पलंगावर सुरकुती नाही. बॅग नाही. टॉवेल जमिनीवर विस्कटलेले. खिडकीच्या काचेवर आतून तळव्यांचे ठसे होते, वरून खाली घसरत आलेले. आणि त्यांच्या जरा वर, काचेवर श्वासाची वाफ... तिघांच्या देखत ती लहान लहान होत नाहीशी झाली.

"तुमच्या पाहुण्या बाई कुठायत? फोटो दाखवा," पोलीस बाई म्हणाल्या.

मावशीने ॲप उघडून फोन पुढे केला. त्यांनी बघितलं, मग मावशीकडे बघितलं.

"फोटो कुठे आहे यात? हा तर नुसता करडा गोल आहे."

मावशीने फोन ओढून घेतला. खरंच, करडा गोल. फोटोच नव्हता. आजही ती डोळे मिटून तो चेहरा सांगते. कपाळ, भुवया, ओठांची ठेवण, सगळं. पण तिच्याशिवाय तो कोणीच पाहिलेला नाही.

पोलीस बाईंनी वेल्डरला चांगलंच झापलं. लोकांची दारं तोडतोस, म्हाताऱ्या बाईला घाबरवतोस. जिन्याच्या पायथ्याशी टिल्ली उभी होती, तिच्याकडे तो टक लावून बघत होता.

"हीच होती का खिडकीत?" पोलीस बाईंनी विचारलं.

"दिसायला हीच," तो म्हणाला. "पण ती खोकत होती."

त्या दिवसापासून टिल्ली एकदाही खोकलेली नाही.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला. फुप्फुसं स्वच्छ. न्यूमोनियाची खूणही नाही. डॉक्टर म्हणाले, तरुण वय, भरून आलं. सगळ्यांनी मावशीचं अभिनंदन केलं.

मावशीने ॲपवरून खोली काढून टाकली. वेल्डरला तिने पाच-सहा मेसेज पाठवले. माफी मागितली. तुम्हाला आणखी काय दिसलं ते सांगा, म्हणून विनवलं. त्याने उत्तर दिलं नाही. पाइपलाइनचं काम दुसऱ्याच कोणाकडे गेलंय असं कळलं. मला त्याचा राग येत नाही. त्याला जे करायचं होतं ते त्याने त्या दाराबाहेर उभं राहून केलं होतं.

मग एका दुपारी मावशीचा मला फोन आला. कुजबुजत बोलत होती.

"तू येऊन जा रे. तिच्याशी बोल जरा. लहानपणापासून एकत्र वाढलात. मला... मला चेहऱ्यावरून काही कळत नाही."

मावशीच्या तोंडून हे ऐकून मला रडूच आलं.

मी गेलो. दुपारभर टिल्लीशी गप्पा मारल्या. तिला सगळं आठवतं. मी झाडावरून पडलो ते, आम्ही दोघांनी मिळून स्टुडिओतला दिवा फोडला ते, काकांनी कोणाला आधी फटकावलं ते. हसते तशीच. बोलते तशीच. एकही गोष्ट चुकली नाही.

एकही नाही. मी स्वतः त्यातल्या निम्म्या विसरलो होतो.

निघताना मावशी दारापर्यंत आली. तिने माझा हात घट्ट धरला. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तीच आहे, मावशी," मी म्हणालो.

मागे टिल्ली उभी होती. तिने हसून हात हलवला.

मी रस्ता ओलांडला. वरच्या खिडकीकडे बघितलं नाही. मान खाली घालून कोपऱ्यापर्यंत गेलो. वर कोणी काच बडवत असतं, तर मला परत जाऊन बेल वाजवावी लागली असती...

आणि दार उघडायला टिल्लीच आली असती.